बारशाला सगळे, रांगताना आम्ही

बाळ बघायला जायची आपल्याकडे एक ठरलेली मुदत आहे. जन्मापासून बारशापर्यंत, फार तर सव्वा महिना. तेवढ्या दिवसांत जो येतो तो झबलं-टोपडं घेऊन येतो, पाळण्यात डोकावतो, नाक कोणाचं नि कपाळ कोणाचं याचा निकाल देतो, डिंकाचा लाडू खातो आणि जातो. त्या काळात बाळ काय करतं? झोपतं. सकाळी दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं बाळ दुपारी त्याच दुपट्यात सापडतं. आणि त्याच्या दिमतीला माणसं किती! मालीशवाली बाई, बाळंतिणीची आई, आईची बहीण, शेजारच्या काकू, ओवा-शेपाची धुरी देणारी एक आणि ‘धूर फार झाला’ म्हणणारी दुसरी.

सहावा महिना सरतो, बाळ पालथं पडून पुढे सरकायला लागतं आणि नेमकी तेव्हा ही सगळी मंडळी हातावर तुरी देऊन पसार होतात. बारशाला आमच्याकडे हॉल भरला होता. हल्ली सकाळी आठ ते रात्री आठ आमच्या नातीच्या मागे दोन माणसं असतात. एक आमच्या सौ. आणि दुसरा मी, बँकेतून निवृत्त, उजवा गुडघा कामातून गेलेला.

याला कायद्याचाही हातभार आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. चांगलीच गोष्ट झाली. आमच्या सुनेला मिळाली, तिने घेतली. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने हा हिशेब ज्याने केला त्याच्या घरात रांगतं मूल नसावं. ज्या दिवशी आईची रजा संपते, साधारण त्याच सुमाराला बाळ जागचं हलायला लागतं. शांत झोपलेल्या बाळाजवळ आई होती. पळत्या बाळाच्या वाट्याला आजोबा आले. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा हवी. कलम उत्तम. फक्त सुनेचं ऑफिस परळला आणि आम्ही राहतो डोंबिवलीला. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये जिथे धडधाकट माणसाला दुसरा पाय टेकवायला जागा मिळत नाही, तिथे पाळण्यातल्या नागरिकाला कोण चढवणार?

म्हणून बाईसाहेब घरी असतात. (नाव बारशात मोठ्या थाटाने ठेवलंय, पण वापरात ‘बाईसाहेब’च आहे.)

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं म्हणणाऱ्याने पुढचं काही सांगितलेलं नाही. पाळण्यात दिसलेले पाय आठव्या महिन्यात दिवाणाखाली दिसतात, नवव्यात फ्रीजमागे, आणि दहाव्यात दिसत नाहीत. नुसता आवाज येतो. मूल रांगायला लागलं की घरातल्या दोन फुटांखालच्या मुलखाची मालकी बदलते आणि जुन्या रहिवाशांना वर सरकावं लागतं. आमच्याकडे आधी चपला वर गेल्या. मग केरसुणी, कचऱ्याचा डबा, तुळशीची कुंडी, कांदे-बटाट्यांची टोपली, पेपरांची रद्दी. टीव्हीखालच्या कप्प्यातले देव स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी बसले. आता आमचं घर वरून गोदाम आणि खालून मैदान आहे. सौ.ना लाटणं सापडत नाही, कारण ते लॉफ्टवर, आणि लॉफ्टवर चढायचं स्टूल बाल्कनीत, कारण बाईसाहेब त्याला धरून उभ्या राहतात.

एवढं करूनही फरशीवर काही ना काही सापडतंच. मोठ्यांना फरशी स्वच्छ दिसते, कारण मोठ्यांचे डोळे पाच फुटांवर असतात. परवाचंच सांगतो. संध्याकाळी बाईसाहेब किरकिर करत होत्या म्हणून सौ.नी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. ओवाळताना एक मोहरी मुठीतून निसटली. ती मला दिसली नाही, सौ.ना दिसली नाही, रात्री झाडू मारणाऱ्या आमच्या चिरंजिवांना तर दिसायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब हॉलमधून वेगाने रांगत निघाल्या, मध्येच थबकल्या, मागे सरून बसल्या. वाकल्या. अंगठा आणि तर्जनी यांची चिमटी पुढे आली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा मोहरी उचलली गेली. मग ती डोळ्यांसमोर धरून नीट निरखली. बँकेत मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, पण दागिन्याकडे इतक्या बारकाईने बघणारा मूल्यांकनकार माझ्या पाहण्यात नाही. निरखणं संपलं आणि मोहरी तोंडात गेली.

ही चिमटी नवव्या महिन्याच्या आसपास येते. त्याआधी मूल वस्तू पंजाने ओढतं, निम्म्या वेळा हातातून सुटते. डॉक्टर चिमटी आल्याची नोंद कौतुकाने करतात. घरातले लोक धास्तीने. कारण चिमटी आल्यावर मूल जे उचलतं त्याचा शेवटचा मुक्काम ठरलेला असतो, आणि मग त्या तोंडात आपलं बोट जातं. यशोदेने माती खाल्लेल्या कृष्णाचं तोंड उघडलं तर तिला आत अवघं विश्व दिसलं. आम्हाला आजवर दिसलं ते असं: कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, पेपरचा कोपरा, शेंगदाण्याचं टरफल, खालच्या मजल्यावरच्यांच्या लग्नपत्रिकेतला गणपती. विश्व मात्र अजून दिसलेलं नाही. त्याच यशोदेने पुढे पोराला उखळाला बांधलं तेव्हा दावं दोन बोटं कमी पडलं, हे मला लहानपणी चमत्कार वाटायचं. आता वाटत नाही. या वयाच्या मुलाला बांधायला जगातलं कुठलंही दावं दोन बोटं कमीच पडणार.

यात गंमत नसलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या सांगूनच टाकतो. शेंगदाणा-फुटाणा घशात अडकतो. रिमोटातली आणि खेळण्यातली चपटी बटन बॅटरी गिळली गेली तर दोन-तीन तासांत अन्ननलिका आतून भाजते. तिथे केळं खायला घालत बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं. आणि आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या. माझी गोळ्यांची डबी टीपॉयवर असायची. आता कपाटात कुलपात असते, किल्ली सौ.कडे असते, आणि गोळी घ्यायची आठवण झाली की आधी सौ.ना शोधावं लागतं.

खाण्याकडे येऊ. सहा महिने नुसतं आईचं दूध आणि मग वरचं अन्न, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून आमच्या वॉर्डातल्या आशाताईंपर्यंत सगळे एका सुरात सांगतात. आपल्याकडे उष्टावणाचा महिना मुलांना सम आणि मुलींना विषम. बाईसाहेबांचं उष्टावण सातव्यात झालं. मामाच्या मांडीवर बसून, चांदीच्या वाटीतली खीर, सोन्याच्या अंगठीने. बाईसाहेबांनी खीर थुंकली आणि अंगठी धरून ठेवली. मुलगी व्यवहाराला पक्की निघणार, असं मामा तिथेच म्हणाला.

खरा वाद दुसऱ्या दिवशी सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाच्या आत मीठ नको, साखर नको, मध तर अजिबात नको. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, ती बाळाच्या आतड्यांना पेलत नाहीत आणि त्यातून अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो. सौ.नी दोन पोरं सहाणेवर उगाळलेल्या गुटीवर वाढवली. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग यांचे मोजून वेढे आणि वरून मधाचं बोट.

“मग आपली पोरं कशी जगली हो?” सौ.नी मला विचारलं.

“आई, जगली हे खरंच,” सून हळूच म्हणाली, “पण ज्यांची नाही जगली ती सांगायला येत नाहीत ना.”

यावर सौ. गप्प बसल्या. मध बंद झाला. मिठाचा प्रश्न मात्र आजही धुमसतोय. दुपारी वरण-भात कालवताना सौ. माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि मी खिडकीबाहेर बघतो. परळला काहीही कळवलं जात नाही.

नाचणीच्या सत्त्वावर मात्र घरात एकमत आहे. ते विकतही मिळतं, पण सौ.ना डब्यावरच्या मजकुरावर विश्वास नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, भाजून दळायची आणि पीठ मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. दोन दिवस या कामात जातात. मग चमचाभर सत्त्व पाण्यात कालवून, गुठळी होऊ न देता शिजवून, थेंबभर तूप घालून वाटी पुढे येते. बाईसाहेब पहिला चमचा आनंदाने घेतात, दुसरा तोंडात घोळवतात आणि तिसरा फुर्रर्र करून माझ्या चष्म्यावर उडवतात. एकूण वाटीपैकी एक हिस्सा पोटात, एक झबल्यावर आणि उरलेला माझ्यावर. मलाही नाचणी चांगली मानवते, असं सौ.चं म्हणणं.

भरवताना चिऊ-काऊ लागतात. कावळे आहेत, पण चिमण्या आणायच्या कुठून? आमच्या खिडकीत फक्त कबुतरं. तेव्हा सौ. एसीच्या खोक्यावर बसलेल्या धष्टपुष्ट कबुतराकडे बोट दाखवून “ती बघ चिऊ!” म्हणतात. ही पिढी कबुतराला चिमणी समजून मोठी होणार आहे. मी एकदा दुरुस्ती सुचवली. “घास गेला ना पोटात? मग पुढे शाळेत काय ते शिकवतील,” असं उत्तर आलं.

दातांबद्दल थोडक्यात. खालचे दोन आधी आले. वरचा आधी आला असता तर मामाला जड, म्हणून मामाचा पुण्याहून रोज फोन यायचा. दात दिसल्याचं कळल्यावर फोन बंद झाला.

आता झोप. लहान होती तेव्हा साडीची झोळी होती, दोन झोके दिले की डोळे मिटायचे. बसायला आणि धरून उठायला लागली तशी झोळी धोक्याची झाली, म्हणून खाली गादीवर. दुपारी पाऊण तास खांद्यावर घेऊन हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या. मान खांद्यावर पडते, श्वास लांब होतो. मग खरी कसोटी. आधी गुडघा टेकायचा (तो डावाच), मग तिची पाठ गादीला लावायची, मग डोकं, मग तिच्या मानेखालचा हात बोटाबोटाने सोडवायचा. हात निघतो. आपण श्वास रोखून, उलट पावली, दाराकडे सरकतो.

आणि बेल वाजते.

कुरिअर. दार उघडायच्या आधी तो पुन्हा वाजवतो. मी तोंडावर बोट ठेवून उभा. तो त्याहून मोठ्याने म्हणतो, “काका, ओटीपी?” ओटीपी चिरंजिवांच्या मोबाईलवर, मोबाईल ऐरोलीच्या ऑफिसात, ऑफिसात मीटिंग. आतून बाईसाहेबांचा पहिला सूर लागतो. खोक्यात काय, तर बाळाला गाढ झोप लागावी म्हणून समुद्राचा आवाज काढणारं यंत्र.

आठव्या-नवव्या महिन्यात मुलांना आणखी एक गोष्ट कळायला लागते. डोळ्यांआड झालेली वस्तू जगातून नाहीशी होत नाही, कुठेतरी असते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्याच मुलांच्या समोर वस्तू कापडाखाली लपवून हे ताडलं होतं. पियाजेंनी शोध लावला, भोगतो आम्ही. पूर्वी चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं की विषय संपत असे. आता ती शांतपणे उशी उचलते. हेच ज्ञान सकाळी सून कामाला निघते तेव्हा महागात पडतं. आई दाराबाहेर गेली म्हणजे ती कुठेतरी आहे आणि आपल्याजवळ नाही, हे तिला कळलेलं असतं. सुरुवातीला सून मागच्या खोलीतून हळूच सटकायची. पण मग बाईसाहेब दिवसभर आईला त्या खोलीत शोधायच्या, दार वाजवायच्या. आता समोरासमोर टाटा होतो, टाहो फुटतो, लिफ्ट खाली जाते आणि मी कबुतर दाखवतो. सून स्टेशनपर्यंत जाताना दोनदा फोन करून विचारते, “बाबा, थांबली का?” थांबलेली असते. सून नसावी थांबलेली, आवाजावरून कळतं.

अनोळखी चेहऱ्यांची भीतीही याच वयातली. पण पाहुण्यांना हे सांगून पटत नाही. “माझ्याकडे सगळी मुलं येतात हो!” म्हणत ते हात पसरतात. बाईसाहेब आधी त्यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, मग ओठ काढतात आणि मग सोसायटीला कळेल असा भोंगा. “माणसांची सवय नाही वाटतं,” असं म्हणून पाहुणे बाळ परत करतात आणि चहाची वाट बघत बसतात.

हेच लोक खाली बागेत भेटले की विचारतात, “अजून चालत नाही?” आमच्या शेजारणीच्या भावाचा मुलगा म्हणे नवव्या महिन्यात चालला. त्या मुलाची आता चाळिशी उलटलीय आणि तो रिक्षाशिवाय हलत नाही, पण ते असो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली आकडे मांडले. एकट्याने चालण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला होता. शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. मी हे पाठ करून ठेवलंय. बागेत उपयोग होत नाही, पण म्हणताना बरं वाटतं.

चालणं लवकर यावं म्हणून एका नातलगांनी गोल चाकांचा वॉकर पाठवला. कॅनडाने २००४ मध्ये असल्या वॉकरची विक्रीच बंद केली, कारण त्यात बसलेलं मूल डोळ्याचं पातं लवेपर्यंत जिन्यापर्यंत पोचतं. शिवाय त्याने चालणं लवकर येतही नाही. आमच्या वॉकरमध्ये सध्या कांदे-बटाटे आहेत. त्याऐवजी जुना लाकडी पांगुळगाडा काढला. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. पडलं तर आपल्याच उंचीवरून पडतं. खडखडाट एवढा की बाईसाहेब कुठे आहेत हे स्वयंपाकघरात बसून कळतं. जुन्या माणसांनी तो मुलाच्या पायांसाठी केला की आजीच्या कानांसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा चमचा झाला. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट, कार्डावर शिक्का. रडल्या बाईसाहेब कमी आणि चिरंजीव जास्त. त्याच आठवड्यात तिने छताच्या पंख्याकडे बघून “बाबाबा” म्हटलं, तेव्हा त्याने अर्धा दिवस रजा टाकून पेढे वाटले. पंख्याला कोणी काही दिलं नाही.

या सगळ्यात एकच दिवस असा गेला की घर पुन्हा माणसांनी भरलं. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधलं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे. पूर्वी ते लुटायला आळीतली पोरं तुटून पडायची. आता पोरांना चॉकलेट हवं, बोरं नकोत, म्हणून सगळा माल फरशीवर तसाच राहिला आणि त्याच्या मधोमध, चिमटी सरसावून, बाईसाहेब. मग काय! जरीच्या साड्या खोचून मावश्या, आत्या, माम्या, बारशाला लाडू खाऊन गेलेल्या झाडून सगळ्याजणी गुडघ्यांवर आल्या आणि बोरं वेचायला लागल्या. पाच मिनिटांत एकीची कंबर धरली, दुसरीला धाप लागली. “दिवसभर कसं हो करता तुम्ही हे?” आत्याबाईंनी मला विचारलं. मी उत्तर द्यायला वळलो तेवढ्यात बाईसाहेबांनी उसाचा करवा पळवला.

तेव्हा वाचकहो, तुमच्या नात्यात कुठे बाळ झालं असेल तर बारशाला नाही गेलात तरी चालेल, तिथे गर्दी असते. सातव्या महिन्यानंतर जा. झबलं नेऊ नका, आणलेली सगळी आता तोकडी झालीत. “माझ्याकडे ये” म्हणून हात पसरू नका. मुकाट्याने खाली सतरंजीवर बसा, ती आपण होऊन येईल. दुपारी दोन ते चार गेलात तर फार बरं, तेवढ्यात आजी-आजोबांची एक डुलकी होते. बेल वाजवू नका, टिचकी मारा. आणि चहा तुमचा तुम्ही करून घ्या. साखरेचा डबा लॉफ्टवर आहे, स्टूल बाल्कनीत.